कंबरदुखी : व्यायामाआधी समज

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीत ‘मणक्यातली गादी सरकली’ हे शब्दच अनेकांना घाबरवतात. मग वाकणे बंद, चालणे कमी, पट्टा कायमचा. स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. प्रत्यक्षात कसलाही त्रास नसलेल्या विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या स्कॅनमध्येही गादी फुगलेली दिसते. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट आधी समजावून सांगतात : प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नव्हे, हालचाल हळूहळू वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांतही रुग्णशिक्षण आणि व्यायामाची शिफारस आहे. पट्टा व ट्रॅक्शनची नाही. मात्र पायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा सोबत ताप असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.