गाळणीला कान नसतात

हल्ली घरोघरी गाणी ऐकली जातात ती मोबाईलवरील स्पॉटिफायसारख्या सेवांवर. त्यांत पालकांसाठी एक कळ असते. ती फिरविली की अश्लील शब्दांची गाणी वाजणार नाहीत, अशी समजूत आहे. ही गाळणी चालते कशी, हे विद्यार्थी मित्रांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

वस्तुतः ती गाणे ऐकतच नाही. गाण्याच्या नावाशेजारी इंग्रजी ‘ई’ ही खूण आहे की नाही, एवढेच ती पाहते. ही खूण लावतात गाण्याचे मालक अथवा वितरक. म्हणजे दुधात पाणी किती, हे गवळ्यानेच कॅनवर लिहायचे! ही रीत अमेरिकेची. तेथे १९८५ साली काही मातांच्या मंडळाने ओरड केली, सिनेटपुढे सुनावणी झाली आणि ध्वनिमुद्रिकांवर पालकांना सावध करणारी चिठ्ठी लागू लागली.

आपल्याकडे त्यापूर्वीच निराळा प्रयोग झाला होता. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे महाराष्ट्रीय गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीते त्यांना सवंग वाटत. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते मात्र नाहीसे झाले नाहीत! त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. तेथे त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. केसकरांचा अतिरेक आम्हांस रुचत नाही. परंतु तेथे निवड करणारा माणूस होता, त्याच्याशी वाद तरी घालता येत असे.

खुणेशी वाद कसा घालावा? मालकाने ती लावलीच नाही, तर कोणत्याही भाषेतील शिवी बिनदिक्कत घरात येते. शिवाय एकही शब्द वावगा नसून अर्थ दुहेरी, अशी गीते आपल्या लावणीच्या मुलखात काय थोडी आहेत? तेथे ही गाळणी हतबल ठरते.

तरीही कळ जरूर लावावी. स्पॉटिफायच्या कौटुंबिक योजनेत ती चालविणाऱ्यास इतरांसाठीही लावता येते. पण नवे गाणे कानात नळी न घालता, चारचौघांत एकदा वाजवावे. भीमपुरात मराठी, तेलुगू, हिंदी, गोंडी अशा सर्वच भाषा कानी पडतात. आमची मातृभाषा कोंकणी. त्यामुळे तेलुगू गीताचा अर्थ आम्ही वर्गातील मुलांनाच विचारतो. सांगणारा मध्येच थबकून शेजाऱ्याकडे पाहू लागला, की गाणे कोणत्या प्रकारचे आहे ते आम्हांस कळते.