घरातले वाय-फाय का रुसते?

उन्हाळी भाजीच्या शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचेनासे झाले, तर आपण लगेच मोठा पंप आणतो काय? आधी पाट बघतो. कुठे फुटला, कुठे तुंबला. वाय-फायच्या बाबतीत मात्र आमच्या वसई तालुक्यात, चांदीपसारख्या गावांतही, उलटे चालते. नेट मंदावले की महागडा प्लॅन घेतला जातो आणि दोष होता तिथेच राहतो. सातबारा उतारा, हवामानाचा इशारा, मुलीच्या परीक्षेचा अर्ज, सगळ्याला आता नेट लागते. तेव्हा दोष शोधण्याची रीत घरात सर्वांनाच ठाऊक असावी.

मोबाईलचा डेटा बंद करा, राउटरपासून चार हातांवर उभे राहा आणि एखादा व्हिडिओ लावा. मग तोच पडवीत जाऊन लावा. जवळ चांगला आणि पडवीत अडखळत असेल, तर बाहेरून येणारी तार ठीक आहे, अडचण घरातच आहे. जवळही अडखळला, तर दोष बहुधा बाहेरचा.

घरातला दोष बहुतेक वेळा जागेचा असतो. तार जिथून आत आली तिथेच, दाराच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे नाहीतर लोखंडी कपाटावर राउटर बसवलेला असतो. त्याच्या लहरी पत्र्यावर आदळून परततात, पाण्यात शोषल्या जातात, जाड भिंतीत क्षीण होतात. म्हणून धान्याची कोठी, फ्रिज, पाण्याचे पिंप यांपासून दूर, घराच्या मध्यभागी, खांद्याइतक्या उंचीवर तो ठेवावा. हल्लीच्या बऱ्याच राउटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लांब जाते. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. पडवीत पहिली वापरा, राउटरच्या खोलीत दुसरी.

घर लांबट असेल तर एक्स्टेंडर मिळतो. लोक तो नेमका नेट न पोहोचणाऱ्या खोलीत लावतात. ज्याच्याकडेच पाणी नाही, तो पुढे काय देणार? तो निम्म्या वाटेवर लावा. माझ्या मते त्याहून लॅन केबल ओढून आत दुसरा राउटर बसवणे उत्तम. ही तार १०० मीटरपर्यंत काम देते.

राउटरवर एलओएस हा दिवा लाल लागला, तर फायबरमधून प्रकाश येत नाही असे समजावे. ही तार म्हणजे केसाएवढी काच. खिळ्यावर दुमडली किंवा उंदराने कुरतडली की संपले. दुमड दिसली तर सैल करा. मात्र तारेचे टोक काढून डोळ्याशी नेऊ नका, आणि मुलांवर लक्ष ठेवा. बाकी काम कंपनीच्या माणसाचे. रोज रात्रीच नेट मंदावत असेल, तर बहुधा एकाच वाहिनीवर सगळ्या वस्तीचा भार पडतो. आठवडाभर वहीत तारीख-वेळ टिपून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

पावसाळ्यात वीज क्षणभर गेली, तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे घेतो. त्यासाठी छोटी बॅटरी मिळते. राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवूनच ती घ्या. ढग गडगडू लागण्याआधी प्लग काढावा. फायबर काचेची असली, तरी विजेचा झटका अडॅप्टरवाटे आत येतो. लावणीला सारे घर शेतावर जाणार असेल, तर निघतानाच काढलेला बरा.