थेंब उलटा उडवला तेव्हा

जुलैत रत्नागिरीला सर कोसळते तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, इतका कौलांवर गजर चालतो. तरी कौल फुटत नाही. खरं तर फुटायला हवं. दोन किलोमीटर उंचीच्या ढगातून सुटलेला थेंब, वाटेत हवा नसती तर, सेकंदाला 198 मीटर वेगाने आदळला असता. म्हणजे ताशी 700 किलोमीटरच्या वर!

वाचवते ती हवा. वेग वाढतो तसा तिचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तो थेंबाच्या वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. हवेची घनता, थेंबाच्या छेदाचं क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि अवरोधाचा गुणांक यांचा गुणाकार करून निम्मा घ्या नि वजनाबरोबर मांडा. गुणांक 0.5 धरला तर 2 मिलिमीटर व्यासाच्या थेंबाला सेकंदाला 6.6 मीटर वेग मिळतो. 1949 साली अमेरिकेत गन आणि किंझर यांनी तो प्रत्यक्ष मोजला: 6.5. शाबास! पण 5 मिलिमीटरच्या थेंबाला गणित 10.4 सांगतं आणि मोजणी 9.1.

या तफावतीचं कारण 1904 मध्येच हाती लागलं होतं. पडता थेंब न्याहाळायचा कसा? नजर ठरेपर्यंत तो जमिनीवर. जर्मन शास्त्रज्ञ फिलिप लेनार्डने प्रश्नच उलटा केला. थेंब पाडायचा कशाला? त्याने खालून वर हवेचा झोत सोडला आणि थेंब त्यावर तरंगत ठेवला. मोठा थेंब गोल नव्हताच! खालून दाबला जाऊन तो बनपावासारखा चपटा झाला होता. छेद वाढला, अवरोध वाढला, वेग अडला. साडेपाच मिलिमीटरच्या पुढे तर थेंब फुटूनच जाई. (हाच लेनार्ड पुढे हिटलरचा भक्त झाला आणि आइन्स्टाइनवर घसरला. थेंबांशी मात्र तो प्रामाणिक राहिला.)

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत कामरा, साठे आणि अहिर यांनीही असाच, खालून वर हवा सोडणारा उभा वातबोगदा उभारला. 1986 साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. विद्युतभारित थेंब तरंगत ठेवून ते कसे फुटतात, हेही पुढे तिथे तपासलं गेलं.

आता सुरुवातीच्या त्याच गणितात 1 मिलिमीटरचा थेंब तुम्ही घ्या. उत्तर 4.7 येईल, मोजलेला वेग 4.0 आहे. हा थेंब तर जवळजवळ गोलच असतो, तेव्हा चपटेपणाला दोष देता येणार नाही. छोट्या, सावकाश थेंबासाठी 0.5 हा गुणांकच अपुरा पडतो. 0.67 घालून पाहा.