अंगठ्याचं मशीन बदललं, त्याची सर्व्हिस मागे राहिली

लेखमाला : टेबलावरचा संगणक (भाग ७)

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला काढायला सोलापुरातल्या सेवा केंद्रांत ज्येष्ठांची ये-जा वाढते. 'जीवन प्रमाण' १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालं आणि आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांवर हा दाखला निघू लागला. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन घेणाऱ्या विडी कामगार बायकांना तो वर्षभरात कधीही देता येतो. पण तेंदूची पानं कातरण्यात आणि विड्या वळण्यात हयात गेलेल्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. "आजी, जरा दाबून ठेवा. आता दुसरं बोट." तीन-चारदा असं झालं की आजी ओशाळतात. त्यांना वाटतं, आपल्याच बोटात खोट आहे.

दर वेळी खोट बोटात नसते. ठसा उमटला पण आधारच्या नोंदीशी जुळला नाही, तर तो बोटाचा प्रश्न. मात्र मशीन जोडलेलं असूनही पडद्यावर 'डिव्हाइस नॉट रेडी' असं येत असेल, तर ठसा घेण्यापर्यंत काम पोचलेलंच नाही. अशा वेळी आजींना दुसरं बोट ठेवायला सांगून उपयोग नाही. शोध संगणकाच्या आत घ्यावा लागतो.

संगणक सुरू झाला की पडद्यावर न दिसता काही प्रोग्रॅमही सुरू होतात आणि मागे चालत राहतात. विंडोजमध्ये त्यांना सर्व्हिस म्हणतात. काही सर्व्हिस विंडोजच्या स्वतःच्या असतात. बाकीच्या प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, डोंगल यांच्या सॉफ्टवेअरबरोबर येतात. उपकरण काढून कपाटात ठेवलं तरी त्याची सर्व्हिस आपोआप जात नाही. रोज सकाळी ती उठते, मेमरीत जागा घेते आणि आता नसलेल्या मशीनची वाट पाहत बसते.

अंगठ्याच्या मशीनची अशी सर्व्हिस म्हणजे आरडी सर्व्हिस. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस. ही पद्धत आधार देणाऱ्या यूआयडीएआयने २०१७ साली आणली. हेतू असा, की ठसा उघड्या रूपात पोर्टलच्या हाती लागू नये, तो उपकरणाच्या डिजिटल सहीसह कुलूपबंद होऊनच पुढे जावा. पोर्टलला ठसा हवा असला की ते त्याच संगणकातली ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांची दारं, म्हणजे पोर्ट, ठोठावत जातं आणि आरडी सर्व्हिस कुठे आहे ते विचारतं. ज्या दाराआड ती असेल, तिथून उत्तर येतं : 'रेडी' किंवा 'नॉट रेडी'.

मधल्या काळात मशीनची पिढी बदलली. जुन्या एल-झिरो मशीनमध्ये ठसा कुलूपबंद करण्याचं काम संगणकातलं सॉफ्टवेअर करत असे. नव्या एल-वन मशीनमध्ये ते उपकरणाच्या आतल्या सुरक्षित भागातच होतं, म्हणून यूआयडीएआयने एल-वनचा आग्रह धरला. केंद्रचालकाने नवं मशीन घेतलं, त्याचं सॉफ्टवेअर टाकलं, जुनं मशीन ड्रॉवरमध्ये गेलं. जुनी आरडी सर्व्हिस मात्र कुणी काढली नाही. आता दोन दारांआडून दोन उत्तरं येतात. जुनी 'नॉट रेडी' म्हणते, नवी 'रेडी'. पहिल्याच उत्तरावर थांबणारं पोर्टल असेल, तर नवं मशीन तयार असूनही काम अडतं आणि समोर बसलेल्या आजींना उद्या यायला सांगितलं जातं. विडी घरकुल वसाहतीतून दोन रिक्षा बदलून आलेल्या बाईसाठी तो 'उद्या' म्हणजे एका दिवसाची मजुरी असते.

मागे राहिलेल्या सर्व्हिसचा धोका एवढ्यावर संपत नाही. अनेक महागडी सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल लावल्याशिवाय चालत नाहीत. अशा डोंगलसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'सेंटिनेल हास्प' या व्यवस्थेत कॅस्परस्कीच्या संशोधकांना १४ त्रुटी सापडल्या. त्यांनी त्या जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केल्या. तिची सर्व्हिस १९४७ क्रमांकाचं पोर्ट उघडत असे आणि डोंगल काढून घेतलं तरी ते उघडंच राही. पुढे कंपनीने दुरुस्ती दिली, पण ती अपडेट करणाऱ्यांनाच मिळाली.

न दिसता चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या धोक्याचं दुसरं उदाहरण मे २०१७ मधलं. एचपीच्या काही लॅपटॉपमधला कोनेक्संटचा ऑडिओ प्रोग्रॅम दाबलेली प्रत्येक कळ एका फाइलमध्ये लिहून ठेवत होता, हे स्वित्झर्लंडच्या मॉडझीरो या संस्थेने दाखवून दिलं. माइक बंद करायची कळ ओळखणं एवढंच त्याचं काम होतं. फाइलमध्ये मात्र पासवर्डही जात होते. एचपीला दुरुस्ती द्यावी लागली.

मग काय बंद करायचं? आधी टेबलावरची उपकरणं मोजावीत आणि कागदावर लिहावीत. मग विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून 'एमएसकॉन्फिग' उघडावं, सर्व्हिसेसच्या पानावर जाऊन 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर खूण करावी. विंडोजच्या सर्व्हिस बाजूला होतात आणि बाहेरून आलेल्यांची आटोपशीर यादी उरते. ती कागदाशी ताडून पाहिली की मालक नसलेली नावं लगेच दिसतात. उपकरण कायमचं गेलं असेल, तर त्याचं सॉफ्टवेअर सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करणं सर्वांत चांगलं.

उपकरण आहे, पण क्वचित लागतं, तर 'सर्व्हिसेस' ची खिडकी उघडून 'स्टार्टअप टाइप' 'ऑटोमॅटिक' वरून 'मॅन्युअल' करावा. मॅन्युअल सर्व्हिस गरज पडली की सुरू करता येते, 'डिसेबल्ड' केलेली येत नाही. म्हणून पहिली पायरी मॅन्युअल. नाव ओळखीचं नसेल तर त्यावर डबल क्लिक करावं. 'पाथ टू एक्झिक्युटेबल' मध्ये फोल्डर दिसतो आणि त्यात बहुधा कंपनीचं नाव असतं.

साध्या माउस-कीबोर्डला वेगळ्या सर्व्हिसची गरजच नसते. तिच्यावाचून फार तर रंगीत दिवे आणि जादा बटणांची कामं थांबतात.

'प्रिंट स्पूलर' ला हात लावताना मात्र विचार करावा. जुलै २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' ही त्रुटी गाजली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच एक उपाय म्हणून स्पूलर बंद ठेवायला सुचवलं होतं. पण स्पूलर बंद म्हणजे छपाई बंद, 'प्रिंट टू पीडीएफ' सुद्धा. सेवा केंद्राला ते परवडणारं नाही. तिथे विंडोज अपडेट ठेवणं हाच मार्ग. तसंच नव्या मशीनची आरडी सर्व्हिस 'ऑटोमॅटिक' वरच राहू द्यावी.

हे सगळं रांग समोर असताना करू नये. संध्याकाळी केंद्र रिकामं झालं की एका वेळी एकच सर्व्हिस बदलावी आणि जुनी स्थिती वहीत टिपावी. मग संगणक रीस्टार्ट करून एक पान छापून पाहावं, एक कागद स्कॅन करावा आणि अंगठ्याचं मशीन 'रेडी' दाखवतं का ते तपासावं. तिन्ही जमलं, तरच दुसरी सर्व्हिस.

(पुढील भागात : ब्राउझरमध्ये साठत गेलेली एक्स्टेन्शन्स)