स्टेशन ते कचेरी : छोट्या बसचा उदय आणि अस्त

मुंबईच्या बसवर लिहिणारे बहुतेक जण दुमजली गाडीपाशी रेंगाळतात. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुनी, बिनवातानुकूलित दुमजली बस शेवटची धावली, तेव्हा तिला हारफुले मिळाली आणि वर्तमानपत्रांत हळवे लेखही आले. ते योग्यच झाले. पण त्याच सुमारास आणखी एक बस रस्त्यावरून कमी होत होती आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. रेल्वे स्टेशनावरून माणसे उचलायची, दोन-तीन किलोमीटरवरच्या कचेऱ्यांपाशी सोडायची आणि संध्याकाळी परत स्टेशनावर आणायची, एवढेच काम करणारी ही बेस्टची छोटी बस. देखणी नव्हती, चित्रपटातही फारशी दिसली नाही. तिचा चढ-उतार मात्र अवघ्या पाच-सहा वर्षांत आटोपला, आणि मुंबई आपल्या नोकरदारांना कशी वागवते याबद्दल तो बरेच काही सांगतो, असे मला वाटते.

कल्पना नवी नव्हे. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हाच्या दोन मार्गांपैकी एक बोरीबंदर ते पायधुणी होता. म्हणजे रेल्वेतून उतरलेल्या माणसाला बाजारपेठेपर्यंत नेणे, हे या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे पहिल्या दिवसापासूनचे काम. सुरुवातीचे भाडे तीन आणे होते आणि तिकीटच दिले जात नसे. पुढे गर्दी वाढली तसे भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट्यांना आवरण्यासाठी तिकिटेही आली. भाडे कमी केले की माणसे येतात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

त्यानंतरची शंभर वर्षे मात्र स्टेशन ते कचेरी हा प्रश्न फारसा टोचला नाही, कारण कचेऱ्या फोर्टात होत्या आणि फोर्ट चर्चगेट व बोरीबंदर या दोन्ही टोकांपासून चालण्याच्या अंतरावर होते. नरिमन पॉइंट उभे राहिले तेव्हा मध्य रेल्वेच्या प्रवाशाला बस किंवा शेअर टॅक्सी लागू लागली. १३८ क्रमांकाची बस तेव्हाच्या व्हीटीच्या, आताच्या सीएसएमटीच्या, प्रवाशांची झाली ती त्यामुळेच. पण खरा पेच निर्माण केला वांद्रे-कुर्ला संकुलाने. १९७७ साली या भागाच्या नियोजनाचे काम एमएमआरडीएकडे आले. दक्षिणेतली गर्दी उत्तरेकडे खेचायची, हा हेतू चांगलाच होता. बँका आल्या, शेअर बाजार आला, २०१० मध्ये हिरे बाजार आला. आणि हे सगळे उभे राहिले पश्चिम व मध्य रेल्वेच्या बरोबर मधल्या पोकळीत. वांद्र्याला उतरा, कुर्ल्याला उतरा की शीवला, कचेरी दूरच. लोकल उत्तर-दक्षिण धावते आणि कामाची जागा पूर्व-पश्चिम. या आडव्या अंतराची जबाबदारी कोणाची, हे आराखड्यात कोणी ठामपणे लिहिले नाही.

ती जबाबदारी अनेक वर्षे एकट्या ३१० क्रमांकाच्या बसने वाहिली, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. वांद्रे स्टेशन पूर्व ते कुर्ला स्टेशन पश्चिम. या बसमध्ये उभे राहायला जागा मिळणे हाही दिवसाचा शुभशकुन मानणारे चाकरमानी मी पाहिले आहेत. बाकी सगळे शेअर रिक्षांवर. मागे तीन आणि पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून एक.

मधल्या काळातले दोन-तीन प्रयोग लवकर उरकता येतील. बेस्टच्या जांभळ्या वातानुकूलित बस लांब पल्ल्याच्या होत्या, महाग होत्या आणि एप्रिल २०१७ मध्ये बंद झाल्या. मार्च २०१८ मध्ये एमएमआरडीएने पंचवीस हायब्रिड बस संकुलासाठी बेस्टच्या हाती दिल्या. कल्पना नेमकी होती, संख्या तुटपुंजी. ओला कंपनीची ॲपवरची शटल २०१५ मध्ये आली आणि २०१८ मध्ये गेली. अशा खासगी सेवांना कायद्याची अडचणही होती. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार कंत्राटी परवान्याच्या गाडीला वाटेत थांबून सुटे प्रवासी घेता येत नाहीत, आणि शटलचा तर तोच प्राण आहे.

मग आले २०१९. जानेवारीत बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. चाळीस लाखांहून अधिक असलेली रोजची प्रवासीसंख्या एव्हाना जवळपास निम्मी झाली होती. महापालिकेने पैसे देऊ केले, पण अटी घालून. ९ जुलैपासून किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहा रुपये. आणि नव्या गाड्या विकत न घेता भाडेतत्त्वावर, ज्याला बेस्टच्या भाषेत ‘वेट लीज’ म्हणतात, घ्यायच्या ठरल्या. गाडी, चालक, इंधन, देखभाल कंत्राटदाराची. मार्ग, वाहक आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे. कंत्राटदाराला मिळणार धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात वीस-एकवीस आसनांच्या वातानुकूलित छोट्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या.

हा तिचा सुवर्णकाळ. सहा रुपयांत थंड हवा! रिक्षाच्या रांगेत घाम पुसणाऱ्या माणसाला हा चमत्कारच वाटला. अनेक ठिकाणी गाडीत वाहक नसे, तो थांब्यावरच उभा राहून तिकिटे फाडी, त्यामुळे गाडी भरली की सुटे. स्टेशनाबाहेरच्या फेरीवाल्यांनी आणि रिक्षांनी वेढलेल्या गल्लीत मोठी बस वळत नाही, ही वळे. बेस्टची रोजची प्रवासीसंख्या काही महिन्यांत तीस लाखांच्या आसपास गेली. टाळेबंदीने त्यावर पाणी पडले, तरी कचेऱ्या उघडल्यावर रांगा पुन्हा लागल्या. प्रवासी रुसला म्हणून ही सेवा आटली, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आटली ती दुसऱ्या कारणाने, आणि ते समजायला थोडे गणित हवे. समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन चाळीस मिनिटे लागतात आणि आठ गाड्या आहेत. म्हणजे दर पाच मिनिटांनी गाडी. प्रवासी घड्याळ न बघता थांब्यावर येतो. आता तीन गाड्या काढून घ्या. अंतर आठ मिनिटांचे होते. त्यात मेट्रोच्या खोदकामाने रस्ता तुंबला आणि चाळीसची साठ मिनिटे झाली की उरलेल्या पाच गाड्यांत अंतर बारा मिनिटांवर जाते. शिवाय गाड्या सारख्या अंतराने कधीच येत नाहीत. पहिली उशिरा पोचते, तिच्यावर सगळी गर्दी तुटून पडते, ती आणखी रेंगाळते आणि मागची रिकामी गाडी तिला येऊन चिकटते. थांब्यावरच्या माणसाला वीस मिनिटे काही दिसत नाही, मग दोन एकदम. लांबच्या प्रवासात वीस मिनिटे खपतात. दहा मिनिटांच्या प्रवासासाठी वीस मिनिटे कोण थांबेल? तो रिक्षाकडे वळतो किंवा चालू लागतो.

आता किलोमीटरमागचा दर आठवा. महामार्गावरची गाडी तासाला जितके किलोमीटर कापते, त्याच्या निम्मेही स्टेशनाबाहेरच्या कोंडीतली गाडी कापत नाही. चालकाचा पगार मात्र तासांवर चढतो आणि इंधन उभ्या गाडीतही जळते. करारांत किमान किलोमीटरची हमी असते, हे खरे. तरीही शहराला जिथे बस सर्वांत जास्त हवी, तिथेच ती चालवणे कंत्राटदाराला सर्वांत कमी परवडते. शिवाय बस भरली काय नि रिकामी गेली काय, त्याला दर तोच. तिकिटाचा पैसा त्याचा नाहीच. अशा व्यवहारात प्रवाशांची रांग ही कोणासाठीच आनंदाची गोष्ट उरत नाही. माझ्या मते छोट्या बसचे मरण या कागदातच लिहिलेले होते.

बाकीचा घटनाक्रम सरळ आहे. चालकांचे पगार रखडले, अचानक संप झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने अडीचशेहून अधिक छोट्या गाड्या काढून घेतल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये गाड्यांना आगी लागल्याने चारशे गाड्या रस्त्यावरून हटवाव्या लागल्या. त्या ऑगस्टात भाडेतत्त्वावरच्या चालकांनी पगारवाढीसाठी जवळजवळ आठवडाभर काम थांबवले. बेस्टच्या कायम चालकाच्या शेजारी बसून त्याच्याहून कितीतरी कमी पगारात तेच काम करणाऱ्यांची ती मागणी होती आणि ती मला अवाजवी वाटली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एका कंत्राटदाराने तोट्याचे कारण देऊन अडीचशेहून अधिक छोट्या गाड्या थांबवल्या. कंत्राटदार जातो तेव्हा चालक, सुटे भाग, गाडी सगळे घेऊन जातो. बदली गाडी आगारात नसते. स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राखू, असे २०१९ मध्ये कामगार संघटनेला दिलेले वचन होते. २०२५ संपता संपता तो ताफा हजाराच्या खूप खाली गेला होता.

९ डिसेंबर २०२४च्या रात्री कुर्ला स्टेशनाजवळ भाडेतत्त्वावरच्या एका मोठ्या इलेक्ट्रिक बसने गर्दीतल्या माणसांना चिरडले. सात जणांचा जीव गेला, पुढे आकडा वाढला. ती शटल नव्हती, गाडीही छोटी नव्हती. पण त्यानंतर काही दिवस स्टेशनापर्यंत बसच येत नव्हती आणि माणसे मुकाट्याने चालत होती.

९ मे २०२५ पासून किमान भाडे दुप्पट झाले : दहा रुपये, वातानुकूलित बसला बारा. महसुलाच्या दृष्टीने कारणे असतील. सहा वर्षे भाडे वाढले नव्हते हेही खरे. पण २०१९ मध्ये भाडेकपातीबरोबर गाड्या वाढल्या होत्या. २०२५ मध्ये भाडेवाढीच्या वेळी त्या कमी होत होत्या. थांब्यावरच्या माणसाला हा फरक कळतो. बस कुठे आहे हे त्याच्या मोबाइलवर दिसते, आणि ती नाही, हेही दिसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली. तिचे स्टेशन संकुलाच्या पोटात आहे. सीएसएमटी, दादर तिला जोडलेले आहेत. कुर्ल्याला ती जात नाही. कल्याण-ठाण्याकडून येऊन कुर्ल्याला उतरणाऱ्याने दादरपर्यंत पुढे जाऊन उलटे यावे, ३१० ची वाट पाहावी, किंवा पश्चिमेच्या जिन्याखाली ‘बीकेसी, बीकेसी’ असा पुकारा करणाऱ्या रिक्षात चौथा म्हणून बसावे.