कोळशावरचं झाकण

बाहेरून कोळसा आणि हाडाशी कच्ची, हा बार्बेक्यूवरच्या तंगडीचा जुनाच रोग. त्याचं खापर कोळशावर फुटतं, नाही तर सॉसवर, नाही तर बिचाऱ्या कोंबडीवर. खरा घोटाळा होतो तो बाजूला काढून ठेवलेल्या झाकणामुळे. केटल ग्रिल म्हणजे तीन पायांवर उभी असलेली खोल, गोल कढई आणि तिच्यावर घुमटासारखं झाकण. तिला शेगडी समजलं की चिकन बिघडतं, भट्टी समजलं की जमतं. मुळात हे साधन जन्माला आलं तेच झाकणापायी. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन उघड्या ग्रिलवरच्या वाऱ्याधुराला वैतागले होते. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल घडवले जात. १९५२ साली त्यांनी अशाच गोलाच्या खालच्या भागात कोळसा घातला आणि वरचा भाग झाकण म्हणून बसवला. आज जगभर विकली जाणारी केटल त्याच घाटाची आहे.

उघड्या जाळीवरच्या तुकड्याला फक्त खालून धग लागते. मांस उष्णता आत न्यायला फार आळशी. त्यामुळे जाड तंगडीच्या हाडापर्यंत ऊब पोचायच्या आत खालची बाजू करपते, आणि वरची बाजू वाऱ्यावर निवत राहते. त्यात कातडीखालची चरबी वितळून निखाऱ्यांवर टपकते, भपकन ज्वाळा उठतात आणि काजळी चिकनवर बसते. झाकण घातलं की दोन गोष्टी एकदम होतात. तापलेली हवा आत कोंडून चहूबाजूंनी फिरू लागते, आणि निखाऱ्यांना हवा मोजूनमापून मिळायला लागल्यामुळे ज्वाळा उठत नाहीत. केटलची आच ठरते ती कोळसा किती घातला यापेक्षा त्याला वारा किती मिळतो यावर. म्हणून तळाच्या झडपा हाच तिचा कान, गॅसच्या बटणासारखा पिळायचा. वरची झडप मात्र उघडी बरी. निखाऱ्यांवर राखाडी थर चढला की ते सगळे एका अंगाला लोटायचे, चिकन दुसऱ्या अंगाला मांडायचं आणि झाकणाची झडप चिकनच्या डोक्यावर येईल असं झाकण फिरवायचं, म्हणजे धूर बाहेर पडण्याआधी चिकनवरून जातो. आतलं तापमान १७० ते १८० अंश सेल्सिअस राहिलं तर अख्खी तंगडी पाऊण तासाच्या आसपास होते.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नये, कारण नीट शिजलेलं मांससुद्धा हाडाजवळ गुलाबी दिसू शकतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी ७४ अंशांची खूण दिली आहे. थर्मामीटरची सुई सगळ्यांत जाड भागात खुपसायची, हाडाला न टेकवता. छातीचा तुकडा त्याच खुणेवर उतरवावा, पुढे गेला की तो भुशासारखा कोरडा लागतो. तंगडी मात्र ८० ते ८५ पर्यंत जाऊ द्यावी. तिच्यातले चिवट तंतू त्या उष्णतेत विरघळतात आणि मांस लुसलुशीत होतं. एकाच कोंबडीच्या या दोन मागण्या निखारे एका अंगाला ठेवले की सहज भागतात: तंगड्या निखाऱ्यांच्या बाजूला, छाती लांब.

सॉसचं गणितही याच आचेवर बसतं. अमेरिकन बार्बेक्यू सॉसमध्ये टोमॅटोच्या जोडीला साखर किंवा काकवी भरपूर. साखर साधारण १६० अंशांना तांबूस होऊ लागते आणि त्यापुढे लवकरच कडू होते. म्हणून हा सॉस शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतच लावायचा. त्यात चिकन तासन्‌तास मुरवून थेट धगीवर टाकणं म्हणजे करपण्याची आगाऊ सोय.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. न्यूयॉर्क राज्यातलं प्रसिद्ध ‘कॉर्नेल चिकन’ झाकणाशिवायच भाजतात. कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट बेकर यांनी १९५० साली कोंबडीपालकांचा माल खपावा म्हणून ही कृती एका पत्रिकेतून लोकांपर्यंत पोचवली, आणि आजही तिथल्या गावोगावच्या अग्निशामक दलांच्या निधीजेवणांत ती उघड्या खड्ड्यावर शिजते. मग झाकणाचं एवढं कौतुक कशाला? कृती नीट पाहिली तर उत्तर तिच्यातच आहे. त्यात तेल, सफरचंदाचा व्हिनेगर, मीठ, मसाला आणि हे सगळं एकजीव ठेवायला एक अंडं असतं. साखरेचा कण नाही, टोमॅटो नाही. कोंबडी निखाऱ्यांपासून बरीच उंच असते आणि कोणी तरी सतत उभं राहून ती उलटत, तिच्यावर सॉस मारत असतं. म्हणजे उंची, राबणारे हात आणि बिनसाखरेचा सॉस मिळून तिथे झाकणाचं काम करतात. घरच्या केटलची जाळी एकाच उंचीवर बसलेली, आणि यजमानाला पाहुण्यांशीही बोलायचं असतं.

दुसरा आक्षेप असा की मग ओव्हन काय वाईट? चरबी निखाऱ्यांवर पडून जो वास येतो तोच तर बार्बेक्यूचा प्राण. हे निम्मं खरं आहे. तो वास हवाच, पण मिनिटभराचा. चिकन शिजल्यावर कातडीची बाजू निखाऱ्यांवर धरून ती कुरकुरीत केली की तो पुरेसा मिळतो. सतत ज्वाळांत राहिलेल्या मांसावर आरोग्याला घातक मानली जाणारी संयुगं जमतात, हा भाग वेगळाच. बाकी धुराची चव येते ती निखाऱ्यांवर ठेवलेल्या हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाच्या तुकड्याने. पूर्ण पेटलेला कोळसा एकटा फारसा वास देत नाही. ओव्हनमध्ये हे दोन्ही नाही.

आपल्याकडे करताना दोन फरक लक्षात ठेवावे लागतात. आपलं चिकन बहुतेक वेळा कातडी काढून मिळतं, त्यामुळे ज्वाळा कमी पण सुकण्याचा धोका जास्त. तेलाचा हात आणि मोठे, हाडासकट तुकडे हवेत. रश्श्यासाठी केलेले बारीक तुकडे इथे कामाचे नाहीत. कोळसा लाकडाचा, म्हणजे लोणारी, दगडी कधीच नाही. बंद गॅलरीत किंवा खोलीत तर केटल पेटवूच नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जेवण आटोपल्यावर वरखालच्या सगळ्या झडपा बंद कराव्यात. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला वापरता येतो.