तसं वाटलं, पण कशावरून?

'तिची संमती आहे असंच मला वाटलं' हा आरोपीचा बचाव ऐकून संताप येतो. तरी कायद्यात त्याला जागा हवीच. वस्तुस्थितीबद्दल खरोखर गैरसमज झालेल्याला गुन्हेगार ठरवू नये, हे तत्त्व १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ७९मध्ये होतं. आजच्या न्याय संहितेत ते कलम १७मध्ये आहे. मात्र जुन्या संहितेच्या कलम ५२ने घातलेली अट सहसा कुणी आठवत नाही: योग्य ती काळजी न घेता बाळगलेला समज 'सद्भावपूर्वक' ठरत नाही. लंडनच्या लॉर्ड्स सभागृहाने १९७५मध्ये, मॉर्गन खटल्यात, समज प्रामाणिक असला की पुरे, तो वाजवी नसला तरी चालेल, असं म्हटलं. तिथला कायदा २००३मध्ये बदलला. या बाबतीत आपली संहिता साहेबाच्या पुढे होती.

पण कायदा पुढे असून भागत नाही. २६ मार्च १९७२च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात घरच्यांना बाहेर पाठवून एका आदिवासी मुलीला थांबवून घेतलं गेलं. हेच मथुरा प्रकरण. मथुरा हे त्या मुलीचं नाव; ठाण्यातल्या दोन पोलिसांवर तिच्यावरच्या लैंगिक अत्याचाराचा आरोप होता. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६मध्ये त्यांना दोषी ठरवताना भीतीपोटी हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये पुन्हा निर्दोष सोडलं. कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. गैरसमजाचा बचाव इथे निर्णायक नव्हताच, न्यायालयाला संमतीच दिसली. पण तपासणी कुणाची झाली ते पाहा: तिच्या शरीराची. गणवेशातल्या माणसाने रात्री, ठाण्यात, तिची इच्छा कशी जाणून घेतली, हे विचारलंच गेलं नाही. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांच्या १९७९च्या खुल्या पत्राने या निकालावर बोट ठेवलं आणि १९८३मध्ये पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं: अशा प्रकरणांत संमती नव्हती असं न्यायालयाने गृहीत धरावं.

यावर आक्षेप असा, की मग निर्दोषत्वाचं गृहीतक उरतं कुठे? उरतं. संमती नव्हती हे गृहीतक पोलीस कोठडीसारख्या ठरावीक प्रकरणांपुरतं आहे, तेही शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर आणि संमती दिली नव्हती असं स्त्रीने सांगितल्यावर. एरवी संमती नव्हती हे सरकारी पक्षालाच सिद्ध करावं लागतं. आपला गैरसमज झाला असं म्हणणाऱ्याने तो केवळ संभाव्य असल्याचं दाखवलं तरी पुरतं. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानू नये, हे २०१३च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलं. तरी २०१७मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात 'क्षीण नकारा'वरून आरोपीला संशयाचा फायदा दिला. नकार क्षीण वाटला असेल, तर थांबून विचारण्याचं ते सबळ कारण होतं. काळजीची अट नेमकी तिथेच लागायला हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्या निकालात हस्तक्षेप केला नाही.